कंसातला स्वर आणि कंसातली भाषा



पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तील बंदिशी चाळू लागले की स्वरांच्या ओळीत मधूनच एखादा स्वर कंसात घातलेला आढळतो. (प) किंवा (सा). नवखा विद्यार्थी तेथे थबकतो, कारण कंस काही गाता येत नाही. त्याचा उलगडा असा आहे : कंसातील स्वर दिसला की त्याच्या पुढचा स्वर, तो स्वतः, त्याच्या मागचा स्वर आणि पुन्हा तो स्वतः, असे चार स्वर एका झटक्यात म्हणावयाचे. (प) म्हणजे ध प म प. (सा) म्हणजे रे सा नि सा. गवई ज्याला खटका म्हणतात त्या जातीचा हा अलंकार. कागदावर एक अक्षर आणि दोन कंस. गळ्यातून मात्र चार स्वर.

आता माझा विषय सांगते, म्हणजे आपला थोडा विरस होईल. लिस्प नावाच्या संगणकभाषेत 'मॅक्रो' कसे लिहितात, हा तो विषय. त्या भाषेवरील एका ग्रंथाचा मराठी अनुवाद मी नुकताच पुरा केला. मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी, संगणकशास्त्राची नव्हे. त्यामुळे ग्रंथातील प्रत्येक प्रकरण मला समजून घेतल्याखेरीज मराठीत आणता येत नव्हते. मॅक्रोचे प्रकरण असे, की जाणते वाचकही तेथे पुस्तक मिटून ठेवतात. पण लखनौच्या श्रोत्यांपुढे बोलावयाचे ठरले तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मॅक्रोची मूळ कल्पना या शहरात गेली शंभर वर्षे रोज गायिली जात आहे.

भातखंडे मूळ मुंबईचे. १८६० साली वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. पेशाने वकील, आणि वृत्तीने चिकाटीचे संग्राहक. बडोद्याला १९१६ साली त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. तिची चौथी आणि पाचवी अधिवेशने लखनौला झाली, आणि त्यांतूनच १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक स्थापन झाले. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या पाठबळावाचून ते घडते ना, हे येथे निराळे सांगावयास नको. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्या संस्थेला चाळीस वर्षे होते. १९६६ साली ती राज्य सरकारकडे आली तेव्हा भातखंडे यांचे नाव मिळाले, आणि आज तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. येथील विद्यार्थी 'क्रमिक'चे जे भाग हिंदीत वाचतात, ते मूळ मराठीत लिहिलेले असून हाथरसच्या संगीत कार्यालयाने ते हिंदीत आणले. अनुवादकाची ही कामगिरी फारशी कोणी आठवत नाही, म्हणून मी मुद्दाम आठवण करून देते.

मॅक्रोची सारी लक्षणे त्या कंसात आहेत. लिहिणारा थोडे लिहितो. त्या थोडक्याचा विस्तार एका ठरलेल्या नियमाने होतो. हा विस्तार गाणे सुरू होण्यापूर्वी, वाचण्याच्या वेळीच होतो. श्रोत्याच्या कानी फक्त विस्तार पडतो, कंस कधीच पडत नाही. आणि हा नियम स्वरांविषयी नसून स्वरांच्या *लिखाणाविषयी* आहे. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा आपण लिहितो त्याला प्रोग्रॅम म्हणतात. जो प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमचे लिखाण तयार करून देतो, तो मॅक्रो.

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत आखावयास घेतली आणि १९६० साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. तिच्यात सारे काही कंसांत लिहितात. कंसातला पहिला शब्द क्रिया सांगतो, उरलेले शब्द ती क्रिया कशावर करावयाची ते सांगतात. मूळ भाषेतले शब्द इंग्रजी आहेत. येथे मी सोयीसाठी मराठी योजते. (मिळव २ ३) याचे उत्तर ५. (गुण (मिळव २ ३) ४) याचे उत्तर २०. कंसात कंस कितीही खोल जाऊ शकतात. गंमत अशी की ही लिपी मुळात यंत्राच्या पोटातील माहितीच्या याद्यांसाठी होती. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी मॅकार्थींनी निराळी, अधिक सभ्य दिसणारी लिपी योजली होती. ती अखेरपर्यंत प्रचारात आली नाही. लिहिणाऱ्यांना कंसांचीच सवय जडली.

या अपघातातून लिस्पला एक असाधारण गुण मिळाला. तिच्यात याद्या, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर काम करतो ती सामग्री, आणि खुद्द प्रोग्रॅम, ही दोन्ही एकाच रूपात लिहिलेली असतात. (मिळव २ ३) ही आज्ञाही आहे आणि तीन शब्दांची यादीही आहे. आज्ञा म्हणून तिचे उत्तर ५. यादी म्हणून तिचा पहिला शब्द 'मिळव'.

हे ऐकावयास गूढ वाटते. पण आपल्यापैकी ज्यांनी भातखंडे यांची लक्षणगीते गायिली आहेत त्यांना ते वाटू नये. लक्षणगीतात रागाचेच वर्णन असते. भूपाच्या लक्षणगीताचे शब्द सांगतात की मध्यम व निषाद वर्ज्य, गांधार वादी, धैवत संवादी. आणि हे शब्द ज्या चालीत गायिले जातात ती चाल भूपाचीच असते, तिच्यात मध्यम आणि निषाद येत नाहीत. नियम आणि त्याचे उदाहरण एकाच सामग्रीचे बनलेले. मॅकार्थींनीही १९६० च्या निबंधात लिस्पमधील आज्ञांचे मूल्य कसे काढावे याचा नियम लिस्पमध्येच लिहून दाखविला. तो त्यांनी सिद्धांत म्हणून लिहिला होता. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी तो आयबीएम ७०४ या यंत्रासाठी हाताने उतरवून काढला आणि भाषा चालू लागली!

लक्षणगीताच्या पुढे लिस्प एक पाऊल टाकते. लक्षणगीत स्वतःचे वर्णन करते, स्वतःला बदलू शकत नाही. लिस्पमधला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमची यादी हाती घेऊन तिचे तुकडे करू शकतो, नवी यादी जुळवू शकतो आणि तीच आज्ञा म्हणून चालवावयास देऊ शकतो. टिमोथी हार्ट यांनी १९६३ साली एका छोट्या टिपणात सुचविले की ही सोय भाषेतच असावी. मॅक्रो तेव्हापासून लिस्पमध्ये आहेत.

त्यांची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. गणितात 'फलन' असते. लिस्पमध्येही फलने लिहिता येतात. मग वेगळा मॅक्रो कशासाठी? उदाहरण घेऊ. लिस्पमध्ये 'जर' हा शब्द आहे : (जर अट हे ते). अट खरी ठरली तर 'हे' करावयाचे, नाही तर 'ते'. आता समजा, आपल्याला 'नसेल-तर' असा नवा शब्द हवा आहे, म्हणजे लिहिता येईल :

(नसेल-तर (रिकामी पेटी) (पैसे-काढ पेटी))

'नसेल-तर' हे फलन केले तर काय होईल? फलनाचा शिरस्ता असा की, त्याला दिलेल्या सर्व गोष्टींचे मूल्य आधी काढून मग ते काम सुरू करते. म्हणजे पेटी रिकामी आहे की नाही हे तपासले जाईल, आणि त्याच दमात पैसेही काढले जातील; 'नसेल-तर' विचार करावयास बसेल तेव्हा पेटीत हात घालून झालेला असेल. मॅक्रोचे तसे नाही. त्याला मूल्य दिले जात नाही, लिखाण दिले जाते. तो पेटीला हात न लावता ते लिखाण असे बदलतो :

(जर (रिकामी पेटी) काही-नाही (पैसे-काढ पेटी))

आणि मग हे दुसरे लिखाण चालते. कोणती गोष्ट केव्हा करावयाची, करावयाची की नाही, किती वेळा करावयाची, हे ठरविणारा नवा शब्द भाषेला द्यावयाचा असेल, तेव्हा मॅक्रो लागतो. इतर ठिकाणी फलन पुरते, आणि पुरत असेल तेथे फलनच लिहावे. या बाबतीत मूळ ग्रंथकार फार सौम्य बोलतात असे माझे मत आहे.

विस्ताराचा नमुना लिहिण्याची पद्धत सोपी आहे. कचेरीतील छापील प्रतिज्ञापत्र डोळ्यांपुढे आणा : 'मी, खाली सही करणार ——, राहणार ——'. मजकूर कायम, मोकळ्या जागा प्रत्येकाच्या निराळ्या. लिस्पमध्ये नमुन्याच्या आरंभी उलटे अवतरणचिन्ह देतात, आणि ज्या शब्दाच्या जागी बाहेरून आलेले लिखाण भरावयाचे त्याच्या आधी स्वल्पविराम :

`(जर ,अट काही-नाही ,काम)

उलट्या अवतरणाचा अर्थ 'यापुढचे आहे तसे छापा', स्वल्पविरामाचा अर्थ 'ही मोकळी जागा'. मॅक्रो लिहिणे म्हणजे बहुधा एवढेच.

मोकळी जागा भरताना लिस्प अक्षरे डकवीत नाही, यादीत यादी बसविते. दुसऱ्या काही भाषांतील मॅक्रो अक्षरांची अदलाबदल करतात. तेथे 'वर्ग क' म्हणजे 'क × क' असा नमुना केला आणि क च्या जागी २ + ३ दिले, तर लिखाण होते २ + ३ × २ + ३, आणि उत्तर येते ११. लिस्पमध्ये विस्तार होतो (गुण (मिळव २ ३) (मिळव २ ३)), उत्तर २५. ज्या कंसांची एवढी थट्टा होते ते येथे इमानाने राखण करतात.

परंतु याच उदाहरणात दुसरा खड्डा आहे. 'वर्ग' या मॅक्रोच्या विस्तारात दिलेले लिखाण दोनदा येते. २ + ३ दोनदा मोजल्याने बिघडत नाही. समजा, त्या जागी (पुढची-पावती) अशी आज्ञा असली, जी दर वेळी पावतीपुस्तकातून एक पावती फाडून तिचा क्रमांक देते. लिहिणाऱ्याने ती एकदा लिहिली आहे. पावत्या मात्र दोन फाटतील आणि ७ चा वर्ग ५६ येईल, कारण दुसऱ्या पावतीचा क्रमांक ८. यावर उपाय असा की, विस्तारात आधी ते मूल्य एकदाच काढून एखाद्या नावाखाली ठेवावे आणि पुढे ते नाव वापरावे. उपाय बरोबर आहे. मात्र त्या नावातून मॅक्रोचा खरा कठीण प्रश्न उभा राहतो.

दोन नावांतील मूल्यांची अदलाबदल करणारा मॅक्रो घेऊ. (अदलाबदल अ आ) याचा विस्तार असा केला :

(मान ((तात्पुरते अ)) (ठेव अ आ) (ठेव आ तात्पुरते))

अ चे मूल्य 'तात्पुरते' या नावाखाली बाजूला ठेवावयाचे, आ चे मूल्य अ मध्ये घालावयाचे, आणि बाजूला ठेवलेले आ मध्ये. हा मॅक्रो वर्षभर बिनतक्रार चालेल. मग एके दिवशी कोणी दुसराच लिहिणारा आपल्या प्रोग्रॅममध्ये 'तात्पुरते' हेच नाव वापरील आणि लिहील (अदलाबदल तात्पुरते माझे). विस्तार होईल :

(मान ((तात्पुरते तात्पुरते)) (ठेव तात्पुरते माझे) (ठेव माझे तात्पुरते))

येथे मॅक्रोचे 'तात्पुरते' आणि लिहिणाऱ्याचे 'तात्पुरते' ही दोन माणसे एकाच नावाने हाक मारली जात आहेत, आणि हाकेला ओ देतो तो मॅक्रोचा. अदलाबदल होतच नाही. दोन्ही मूल्ये जागच्या जागी राहतात, यंत्र तक्रार करीत नाही, आणि लिहिणारा आपल्या ओळीकडे कितीही टक लावून बसला तरी चूक त्याला दिसत नाही. कारण चूक त्या ओळीत नाहीच, जी ओळ त्याने लिहिली नाही तिच्यात आहे.

कंसातला स्वर या प्रश्नाला कसा सामोरा जातो, ते पाहण्यासारखे आहे. यमनमध्ये (प) आला तर गाणारा ध प म प म्हणताना तीव्र मध्यम घेतो, खमाजात शुद्ध. भैरवात (सा) चा विस्तार करताना ऋषभ कोमल घेतो. भूपात तर मध्यम वर्ज्य. तेथे (प) असेल तर जाणता गवई मध्यमाला न शिवता गांधारावर उतरेल. लिहिणाऱ्याने मध्यम लिहिलेलाच नव्हता. तो विस्तारातून आला, आणि कोणता यावयाचा हे ज्या रागात कंस उभा होता त्या रागाने ठरविले. संगीतात नेमके हेच हवे असते. प्रोग्रॅममध्ये बहुधा याच्या उलट हवे असते : मॅक्रोच्या पोटातील नावे मॅक्रो जेथे लिहिला तेथल्या अर्थाने राहावीत, आणि वापरणाऱ्याची नावे वापरणाऱ्याच्या अर्थाने.

ते साधण्याचा जुना मार्ग असा की, 'तात्पुरते' असे नाव न देता, कोणालाही लिहिताच येणार नाही असे कोरे करकरीत नाव दर वेळी यंत्राकडूनच घडवून घ्यावयाचे. हा मार्ग लिहिणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून आहे. १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसेन आणि डूबा या चौघांनी ही जबाबदारी विस्तार करणाऱ्या यंत्रणेवरच टाकण्याची रीत मांडली : प्रत्येक नाव कोठून आले याची खूण तिने ठेवावी आणि दोन घरची नावे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. स्कीम या लिस्पच्या शाखेने ही रीत पुढे आपल्या प्रमाण व्याख्येत घेतली.

या मॅक्रोंना इंग्रजीत जे विशेषण आहे त्याचा कोशातला अर्थ 'आरोग्यदायक'. तसे लिहिले असते तर वाचकाला वाटले असते की मॅक्रोचा काढा करून प्यावयाचा आहे. माझ्या मनात पहिल्यांदा आला तो शब्द 'सोवळे'. अर्थाने तो अचूक होता : आतल्या भांड्याला बाहेरचा हात लागू न देणे. परंतु त्या शब्दाने शतकानुशतके माणसांनाही बाहेर ठेवले आहे, आणि ग्रंथालयात हे पुस्तक जो उघडील त्याला यंत्रविद्येच्या पानावर तो अपमान पुन्हा भेटावा, असे मला वाटेना. मी 'निर्मळ मॅक्रो' असे लिहिले. 'सोवळे' जितके नेमके बसले असते तितके हे बसत नाही. तरीही तेच ठेवले.

गाण्यासारखा विस्तार मुद्दाम हवा असतो, असेही प्रसंग आहेत. पॉल ग्रॅहॅम यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात अशा एका मॅक्रोची चर्चा केली आहे. मराठीत तो 'जर-ते' असा होईल : (जर-ते (शोध नाव वही) (छाप ते)). शोधून जे सापडले त्यालाच पुढे 'ते' म्हणावयाचे. 'ते' हे नाव वापरणाऱ्याने कोठेही घडविले नाही. मॅक्रोने ते जाणूनबुजून त्याच्या हाती दिले. हा मॅक्रो निर्मळ नाही, पण उपयोगी आहे. आपण बोलताना सर्वनामे वापरतो ती याच भरवशावर.

राहिला प्रश्न मर्यादेचा. मॅक्रो लिहिणारा भाषेलाच नवा शब्द देतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द शिकावा लागतो. आपल्याकडे भातखंडे यांची स्वरलिपी आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची स्वरलिपी अशा दोन पद्धती एकाच काळात वाढल्या. एकीत तयार झालेल्या विद्यार्थ्याला दुसरीतील पान नव्याने शिकल्यावाचून वाचता येत नाही. लिस्पच्या घरातही हेच झाले. एकेका प्रयोगशाळेची एकेक लिस्प निघाली, आणि त्यांना एका छत्राखाली आणण्यासाठी 'कॉमन लिस्प' घडवावी लागली. तिचा ग्रंथ १९८४ साली आला. भातखंडे यांनी आपल्या खुणांचा खुलासा छापून सर्वांच्या हाती दिला, म्हणून त्यांचा कंस मुंबईत लिहिला गेला तरी लखनौत गाता आला. ज्या मॅक्रोचा खुलासा एकट्या लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो, तो घराण्याबाहेर न जाणाऱ्या चिजेसारखा, माणसाबरोबरच संपतो. निराळ्या शब्दावाचून काम होत असेल तर तो शब्द घडवू नये, असे मी म्हणते ते यासाठी.

ज्यांना स्वतः लिहून पाहावयाचे आहे त्यांनी आरंभ नमुन्यापासून करू नये. आधी, मॅक्रो तयार आहे असे धरून तो वापरणारी ओळ कागदावर लिहावी. तिच्याखाली, तिचा विस्तार कसा दिसावा ते हाताने पूर्ण लिहावे. दोहोंत जे सारखे राहिले त्याखाली रेघ ओढावी. त्या मोकळ्या जागा. मग विस्तारात आपण आपल्या पदरचे एखादे नाव घातले आहे का, आणि एखादे लिखाण दोनदा आले आहे का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उलटे अवतरण आणि स्वल्पविराम त्यानंतर. लिस्पमध्ये एखाद्या मॅक्रोचा विस्तार न चालविता नुसता छापून दाखविणारी आज्ञाही आहे. आपण हाताने लिहिलेला विस्तार आणि यंत्राने छापलेला विस्तार शेजारी शेजारी ठेवून वाचावा. माझ्या अनुवादातील त्या प्रकरणाची सर्व उदाहरणे मी अशीच ताडून पाहिली आणि मगच छापावयास दिली.